फिलिंग टिकवायचं तर दाताचा पृष्ठभाग सांभाळा: नवोदित दंतवैद्यांसाठी बाँडिंगची पायरीवार माहिती

कंपोझिट (दाताच्या रंगाच्या रेझिनचं) फिलिंग सहा महिन्यांत निखळलं, कडेला तपकिरी रेघ उमटली किंवा गार पाण्याने दातात सणक जाऊ लागली, की पहिला संशय बाँडिंगच्या, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीवर जातो. बाटली बदलली जाते, पुढे ब्रँडही बदलतो, पण तक्रार तशीच राहते. अशा वेळी दोष बाटलीत क्वचितच असतो. एच केलेल्या (ॲसिडने सूक्ष्म छिद्रं पाडलेल्या) दातावरून जीभ एकदा फिरून गेलेली असते, हिरडीतून रक्ताचा बारीक धागा कडेवर आलेला असतो, नाहीतर सिरिंजच्या हवेतून तेलाचे सूक्ष्म थेंब पडत असतात. हे काही सेकंदांत घडतं, जेमतेम दिसतं, आणि वर कंपोझिट बसलं की कायमचं झाकलं जातं.

दूषण अजिबात होऊ न देणं रोजच्या कामात प्रत्येक वेळी जमत नाही. मात्र ते कोणत्या टप्प्यावर झालं आणि कशामुळे झालं हे ओळखता आलं, तर किती पावलं मागे जायचं हे ठरवता येतं. खालचा क्रम त्यासाठी आहे. आठवी पायरी सर्वांत नीट वाचा. खुर्चीपाशी गोंधळ उडतो तो तिथेच.

हाताशी काय हवं

- रबर डॅमचा (दाताभोवती ताणायच्या रबरी शीटचा) संच: शीट, पंच, फोर्सेप्स, फ्रेम, दाढांचे व पुढच्या दातांचे क्लॅम्प
- डेंटल फ्लॉस, टेफ्लॉन टेप, लिक्विड डॅम
- हाय व्हॅक्युम सक्शन, सलाइव्हा इजेक्टर, कॉटन रोल, गालाला लावायचे शोषक पॅड
- तेल न घातलेला प्युमिस आणि मऊ ब्रश
- मॅट्रिक्स बँड (दाताभोवतीची पट्टी), वेज (दातांमधली पाचर), रिट्रॅक्शन कॉर्ड (हिरडी बाजूला सारायचा दोरा)
- ॲल्युमिनियम क्लोराइडचं रक्तस्राव थांबवणारं द्रावण
- ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल
- बाँडिंग एजंट आणि भरपूर अप्लिकेटर टिप. टिपची काटकसर करू नका.
- रेडिओमीटर (रेझिन कडक करणाऱ्या लाइटची तीव्रता मोजायला)
- ग्लास आयोनोमर आणि त्याचा कंडिशनर. कोरडेपणा मिळालाच नाही तर हे लागेल.

१. कशाला काय चिकटतं, हे आधी समजून घ्या

इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण कवच, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी इनॅमलवर ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड लावल्यावर ॲक्रिलिक जास्त घट्ट धरतं हे दाखवलं, आणि आजचं सगळं बाँडिंग त्याच पायावर उभं आहे. ॲसिड वरचा साधारण १० मायक्रॉनचा थर विरघळवतं आणि त्याखाली असंख्य सूक्ष्म छिद्रं उघडतं. पातळ रेझिन त्या छिद्रांत शिरतं, प्रकाशाने कडक होतं आणि तिथेच अडकून बसतं. ही पकड यांत्रिक आहे. छिद्रं मोकळी असतील तरच ती मिळते.

इनॅमलखालच्या थराचं, डेंटिनचं, गणित वेगळं आहे. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, बाकी कोलॅजेन आणि पाणी. ॲसिडने खनिज गेलं की कोलॅजेनच्या तंतूंची जाळी उघडी पडते. रेझिन त्या जाळीत मुरून घट्ट झालं की तयार होतो तो हायब्रिड लेयर, ज्याचं वर्णन नाकाबायाशी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये केलं. त्यातच डेंटिनच्या नळ्यांतून आतला द्रव सतत बाहेर येत असतो. इनॅमलच्या सीमेजवळ दर चौरस मिलिमीटरला साधारण २०,००० नळ्या असतात, पल्पजवळ (दाताच्या आतल्या मज्जेजवळ) सुमारे ४५,०००, आणि तिथे त्या रुंदही असतात. म्हणजे पोकळी जितकी खोल, तितका तिचा तळ मुळातच ओला.

आता यावर लाळ पडली तर काय होतं? लाळ ९९ टक्के पाणीच असते, पण उरलेल्या एका टक्क्यात ग्लायकोप्रोटीन असतात. नुकत्याच एच केलेल्या इनॅमलची पृष्ठीय ऊर्जा खूप जास्त असते, त्यामुळे ते समोर येईल ते ओढून घेतं. रेझिन ओढून घ्यावं म्हणून ते तसं केलेलं असतं, पण लाळ आधी पोहोचली तर तिची प्रथिनं काही सेकंदांतच छिद्रांच्या तोंडांवर चिकटतात. मग रेझिन मेणावरच्या पाण्यासारखं थेंब धरून वर बसतं, आत उतरत नाही.

कंपोझिट कडक होताना घनफळात साधारण २ ते ३ टक्के आकसतं, हेही लक्षात असू द्या. या ओढीत भिंत आणि फिलिंग जिथे सर्वांत कच्चं चिकटलेलं असेल, तिथेच फट पडते. जिवाणू साधारण १ मायक्रॉनचा असतो. त्याला आत शिरायला फार मोठी फट लागत नाही.

२. रुग्ण खुर्चीत बसण्याआधी हवा तपासा

थ्री-वे सिरिंजमधून फक्त हवा येते असं गृहीत धरू नका. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधून तेलाची वाफ पुढे सरकते, आणि सिरिंजची टिप जुनी असेल तर हवेचं बटण दाबल्यावर पाण्याचा शिडकावाही होतो.

चाचणी सोपी आहे. स्वच्छ कोरड्या माउथ मिररवर जवळून ८-१० सेकंद नुसती हवा मारा आणि आरसा उजेडात तिरपा धरा. थेंब दिसले तर पाणी आहे. बोटाने पुसल्यावर धुरकट ओरखडा राहिला तर तेल आहे. टाकीतलं पाणी रोज काढा आणि ड्रायर-फिल्टर वेळेवर बदला. नवीन कॉम्प्रेसर घेणार असाल तर तेलविरहित घ्या.

एअरोटरलाही (दात कोरायच्या यंत्रालाही) हेच लागू. तेल घातल्यावर तो तोंडाबाहेर २०-३० सेकंद चालवून जास्तीचं तेल निघू द्या, आणि टिश्यू पेपरवर फवारा मारून पाहा. कागदावर पारदर्शक डाग पडला तर तोच डाग पोकळीतही पडणार आहे.

३. दात धुवा, पण कशाने ते पाहून

प्लाक आणि पेलिकल (लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर) असलेल्या इनॅमलवर ॲसिड सारखं काम करत नाही. म्हणून फिलिंगच्या दाताला आणि शेजारच्या दातांना आधी प्युमिस आणि पाण्याने घासून घ्या. बाजारातली चवदार प्रोफी पेस्ट इथे वापरू नका. तिच्यात ग्लिसरीन, तेल आणि बऱ्याचदा फ्लोराइड असतं आणि हे तिन्ही पृष्ठभागावर मागे राहू शकतं.

घरच्या किंवा क्लिनिकमधल्या ब्लीचिंगबद्दल रुग्णाला आवर्जून विचारा. पेरॉक्साइडमुळे दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनचं पॉलिमरायझेशन (कडक होणं) अडवतो. ब्लीचिंगनंतर २ आठवडे थांबा, बाँडिंग नंतर करा.

४. दात तोंडातल्या ओलाव्यापासून वेगळा ठेवा

रबर डॅम १८६४ साली सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने वापरात आणला. त्यानंतर आलेल्या कुठल्याही उपकरणाने त्याची जागा पूर्णपणे घेतलेली नाही. तो लाळ अडवतो हे तर झालंच, पण उच्छ्वासातला दमटपणाही दूर ठेवतो. डॅम नसताना आरशावर जी वाफ धरते, तीच सुकवलेल्या दातावरही बसत असते.

शीट लावण्याआधी लॅटेक्सची ॲलर्जी विचारा. असेल तर नॉन-लॅटेक्स शीट घ्या. दातांमधून फ्लॉस घालून पाहा. जिथे फ्लॉस फाटतो तिथे शीटही फाटेल, म्हणून ती कड आधी घासून घ्या. मागच्या दातावर काम असेल तर त्याच्यामागचा एक आणि पुढचे दोन-तीन दात डॅममध्ये घ्या. हात फिरवायला जागा मिळते. क्लॅम्पला फ्लॉस बांधायला विसरू नका. क्लॅम्प घशाकडे निसटला तर ओढून काढायचं साधन तेवढंच असतं. क्लॅम्पची चारही टोकं दातावर टेकली पाहिजेत. दोनच टेकली तर तो डुलतो, हिरडी चिरडतो, आणि ज्या रक्तापासून वाचायचं तेच वाहू लागतं.

शीट सहज सरकावी म्हणून पेट्रोलियम जेली लावण्याची सवय घातक आहे. ती दातावर पसरते, शिवाय लॅटेक्स कमकुवत करते. पाण्यात विरघळणारं जेल वापरा आणि नंतर धुऊन टाका.

शीटची कड दाताच्या मानेभोवती आत वळवणं ही सर्वांत जास्त वेळा सोडून दिली जाणारी पायरी आहे. दातावर हवा मारत बोथट उपकरणाने कड हिरडीच्या खाचेत सरकवा. कोरडी कड आत बसते, ओली परत बाहेर येते. मग हवा मारून कडेने बुडबुडे येतात का ते बघा. बुडबुडा दिसला की तिथे गळती आहे. टेफ्लॉनची वळकटी दाबा किंवा लिक्विड डॅम लावा.

डॅम लागूच शकत नसेल, तर वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात पॅरोटिड ग्रंथीची नळी उघडते तिथे शोषक पॅड ठेवा, खाली जिभेच्या बाजूला आणि बाहेरच्या खाचेत कॉटन रोल ठेवा, आणि सक्शन धरायला सहाय्यक हवाच. रोल पूर्ण भिजण्याआधी बदला. सुकलेला रोल ओढून काढला तर श्लेष्मल त्वचा सोलते आणि रक्त येतं, म्हणून काढण्याआधी तो थोडा ओला करा.

५. मॅट्रिक्स आणि वेज एचिंगच्या आधी

वेज आत दाबली की मधली हिरडी दबते आणि पुष्कळदा रक्त येतं. बाँड लावून झाल्यावर वेज घातली, तर ते रक्त थेट बाँडवर येतं. म्हणून बँड, वेज, रिंग सगळं आधी लावा, कडा बंद झाल्याची प्रोबने खात्री करा, रक्त असेल तर आत्ताच थांबवा आणि त्यानंतर ॲसिडच्या सिरिंजला हात लावा. कीड काढण्यापूर्वीच वेज घालून ठेवली तर आणखी बरं. दात थोडे दूर होतात, आणि बरचा (कोरायच्या टोकाचा) घाव हिरडीऐवजी वेजवर पडतो.

६. पोकळीत आधीचं काय उरलंय ते पाहा

बाहेरून येणाऱ्या दूषणाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. आधीच्या उपचारांनी मागे ठेवलेल्या गोष्टींकडे कमी जातं.

युजेनॉल यात पहिलं. झिंक ऑक्साइड-युजेनॉलचं तात्पुरतं फिलिंग होतं का, हे नोंदीत बघा. युजेनॉल डेंटिनमध्ये मुरतं आणि पॉलिमरायझेशन चालवणारे मुक्त मूलक पकडून घेतं. त्यामुळे रेझिन नीट कडक होत नाही. सिमेंट खरवडून काढणं पुरेसं नाही, बरने डेंटिनचा पातळ थर ताजा करा आणि ॲसिड लावून धुण्याची पद्धत वापरा. पुढे कंपोझिट भरायचं हे आधीच ठरलं असेल, तर तात्पुरत्या फिलिंगसाठी युजेनॉलविरहित सिमेंटच निवडा.

रूट कॅनालनंतरच्या दातात सोडियम हायपोक्लोराइट (कॅनाल धुण्याचं द्रावण) आणि सीलर (कॅनाल बंद करायचं सिमेंट) या दोन्हींचा विचार करा. हायपोक्लोराइटने ऑक्सिडाइझ झालेल्या डेंटिनवर बाँड कमजोर होतो. प्रयोगशाळेत १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेटने हा परिणाम उलटवता येतो, पण रोजच्या कामात भिंतींचा पातळ थर बरने ताजा करणं सोपं पडतं. सीलर भिंतींवर पातळ पसरतो आणि डेंटिनच्याच रंगाचा दिसतो. भिंग लावून कानेकोपरे पाहा आणि अल्ट्रासॉनिक टिपने किंवा बरने काढा.

क्लोरहेक्झिडिनला मात्र घाबरू नका. २ टक्के द्रावण एच केलेल्या डेंटिनवर ३० ते ६० सेकंद ठेवल्याने बाँडचं तात्काळ नुकसान होत नाही. उलट कोलॅजेन कुरतडणाऱ्या विकरांना ते काही काळ आवरतं.

७. एचिंग आणि बाँड

जेल आधी इनॅमलच्या कडांवर लावा, १५ सेकंदांनी डेंटिनवर पसरवा आणि आणखी १५ सेकंद थांबा. इनॅमलला ३० सेकंद मिळतात, डेंटिनला १५. डेंटिनवर जास्त वेळ ठेवलं तर ॲसिड इतकं खोल जातं की रेझिन तिथवर पोहोचत नाही, आणि तळाला उघडं कोलॅजेन राहतं. फ्लोरोसिस असलेलं इनॅमल ॲसिडला दाद देत नाही, त्याला वेळ वाढवून द्यावा लागतो.

मग किमान १५ सेकंद जोरदार फवाऱ्याने धुवा. जेल घट्ट करण्यासाठी घातलेली सिलिका आणि विरघळलेलं खनिज मागे राहिलं तर तेही दूषणच. सुकवल्यावर इनॅमल खडूसारखं पांढरं दिसलं पाहिजे. डेंटिन मात्र हवेने वाळवू नका. कोलॅजेनची जाळी कोसळते आणि रेझिनला वाट राहत नाही. शोषक कागद किंवा कॉटनच्या गोळीने टिपून घ्या. तळ ओलसर चमकावा, डबकं नको.

सेल्फ-एच (स्वतःतल्या ॲसिडनेच एच करणारा) किंवा युनिव्हर्सल बाँड वापरत असाल तर डेंटिनला ॲसिड लागत नाही, पण इनॅमलच्या कडांना वेगळं लावणं फायद्याचं आहे. या बाँडांचं एक दुबळेपण ओळखून असा. त्यांतलं ॲसिड सौम्य असतं आणि वापरल्यावर धुतलं जात नाही. प्रथिनांचा किंवा तेलाचा थर तोडून बाहेर फेकण्याची ताकद त्यांच्यात नसते, आणि जे आत आहे ते आतच कोंडलं जातं. म्हणून सेल्फ-एच पद्धतीला आधीची स्वच्छता कमी नाही, जास्त लागते.

बाँडचा थेंब आयत्या वेळी काढा. ॲसिटोन किंवा अल्कोहोल असलेला थेंब पाच मिनिटं उघडा राहिला तर द्रावक उडून तो दाट होतो. बाटली फ्रिजमधून काढली असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे गार द्रवावर दव धरणार नाही. टिप दातावर सुमारे २० सेकंद घासत लावा, आणि ती हिरडीला किंवा गालाला लागली तर फेकून नवी घ्या. लाळ लागलेली टिप परत थेंबात बुडवली की पुढचा सगळा थेंब बिघडतो. मग हलकी हवा मारा. द्रवाची लाट हलायची थांबली आणि सगळीकडे सारखी चमक आली की द्रावक उडालं. उत्पादकाने सांगितलेला वेळ लाइट द्या. तीव्रता अधूनमधून रेडिओमीटरवर मोजा, आणि लाइटच्या टोकाला चिकटलेलं जुनं कंपोझिट काढत जा.

८. दूषण झालंच, तर किती मागे जायचं

सर्वांत आधी एक सवय लावून घ्या: लाळ पडली की हवा मारायची नाही. हाताचा अंगठा आपोआप हवेच्या बटणावर जातो, पण लाळ वाळवली की प्रथिनं पृष्ठभागावर अधिक घट्ट बसतात. आधी पाणी, भरपूर पाणी, मग हवा. त्यानंतर टप्पा बघा.

*एचिंगच्या आधी लाळ लागली.* धुवा, सुकवा, पुढे चला. ॲसिड आणि त्यानंतरची धुलाई उरलेलं काढून टाकते. सेल्फ-एच वापरत असाल तर इतकं बिनधास्त राहू नका. तिथे ही धुलाईच नसते, म्हणून पाण्याने नीट धुतल्याशिवाय प्रायमर (बाँडआधीचा द्रव) लावू नका.

*एचिंगनंतर, बाँडच्या आधी.* नुसतं धुऊन चालेल असं वाटतं, कारण सुकवल्यावर इनॅमल पुन्हा पांढरं दिसतं. त्या पांढऱ्या रंगाने फसू नका, प्रथिनांचा थर पारदर्शक असतो. धुवा आणि इनॅमलवर पुन्हा १० सेकंद ॲसिड लावा. डेंटिनवर पुन्हा पूर्ण वेळ ॲसिड देऊ नका. आधीच खनिज गेलेला थर आणखी खोल होईल. तिथे भरपूर पाण्याने धुऊन ओलसर ठेवा.

*बाँड लावला, लाइट दिला नाही.* इथे पुष्कळ जण वरून आणखी एक थर देऊन लाइट मारतात. लाळ मग दोन थरांच्या मध्ये सापडते. पाण्याने धुवा, हलकं सुकवा, पहिल्यापासून पूर्ण वेळ घासत बाँड लावा. ॲसिड लावून धुण्याच्या पद्धतीत थोडा जरी संशय असला तरी इनॅमलवर ॲसिडही पुन्हा द्या.

*बाँडला लाइट देऊन झाला.* हा त्यातल्या त्यात सोपा प्रसंग. खालचा हायब्रिड लेयर बनून बंद झालेला असतो. बाँडचा वरचा काही मायक्रॉनचा थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे न घट्ट झालेला, चिकट असतो आणि बिघडतो तो तोच. धुवा, पूर्ण सुकवा, बाँडचा नवा थर लावून लाइट द्या.

*कंपोझिटच्या दोन थरांमध्ये.* रीत तीच. धुवा, सुकवा, बाँडचा पातळ थर, लाइट, मग पुढचं कंपोझिट. ही पायरी गाळली तर फिलिंग दातापासून सुटत नाही, थरांतूनच चिरतं, आणि कारण सापडायला फार वेळ लागतो.

वरचं सगळं लाळेसाठी आहे. रक्ताला यातली सवलत नाही.

९. रक्त

रक्तात प्रथिनं लाळेच्या कितीतरी पट असतात, वर फायब्रिन आणि प्लेटलेट. ते पृष्ठभागावर साठत नाही, गोठतं. एच केलेल्या इनॅमलवर किंवा डेंटिनवर रक्त गोठलं तर बरने पृष्ठभाग हलका ताजा करा आणि एचिंगपासून पुन्हा सुरुवात करा. लाइट दिलेल्या बाँडवर किंवा कंपोझिटवर रक्त आलं, तर फाइन डायमंड बरने वरचा थर खरवडा, ॲसिडने साफ करा, धुवा, सुकवा आणि बाँड पुन्हा लावा. पाच मिनिटं जास्त जातील. फिलिंग पुन्हा करण्यात एक पूर्ण भेट जाते, आणि दरवेळी दाताचा थोडा निरोगी भागही.

रक्त थांबवण्याची औषधंही दूषणच आहेत, हे विसरलं जातं. फेरिक सल्फेट रक्त झटपट थांबवतं, पण त्याचं तपकिरी-काळं अवक्षेप कडेला अडकून डाग देतं, आणि पुढच्या दातांत तो डाग लपत नाही. रंग महत्त्वाचा असेल तिथे ॲल्युमिनियम क्लोराइड बरं. दोन्ही आम्लधर्मी आहेत, दोन्हींचे अवशेष डेंटिनवर राहतात, आणि सेल्फ-एच बाँडचं नुकसान त्यामुळे विशेष होतं. द्रावण कॉर्डवर घेऊन १ ते २ मिनिटं ठेवा, मग जोरदार फवाऱ्याने २०-३० सेकंद धुवा. धुतल्यावर रक्त परत सुरू झालं तर वाईट वाटून घेऊ नका. ते एचिंगच्या आधी कळलं हे चांगलंच झालं. पुन्हा थांबवा, पुन्हा धुवा, आणि कड पूर्ण शांत झाल्यावर फॉस्फोरिक ॲसिड लावून धुण्याच्या पद्धतीनेच पुढे जा.

हिरडी सुजलेली असेल आणि प्रोबच्या स्पर्शानेही रक्त येत असेल, तर त्या दिवशी कंपोझिट भरण्याचा हट्ट धरू नका. दात साफ करून ग्लास आयोनोमरचं तात्पुरतं फिलिंग द्या, स्वच्छता शिकवा आणि एक-दोन आठवड्यांनी बोलवा. तीच कड तेव्हा कोरडी मिळते.

१०. कंपोझिट भरताना

बोटांत घेऊन कंपोझिट वळू नका. ग्लोव्हजवर लाळ असते, आणि पावडरवाले ग्लोव्हज असतील तर पावडरही. उपकरण चिकटायला लागलं की ते अल्कोहोलमध्ये बुडवून तसंच वापरण्याची पद्धत सोडा. अल्कोहोल थरांमध्ये अडकून पकड कमी करतं. स्वच्छ गॉझने पुसत राहा. फारच चिकटलं तर द्रावकविरहित मॉडेलिंग रेझिन, आणि तेही नावापुरतं. बाँडच्या बाटलीतला थेंब यासाठी घेऊ नका, त्यात पाणी आणि द्रावक असतं.

११. कोरडं होतच नसेल तर

मुळाच्या बाजूला हिरडीखाली गेलेली कड, तोंड उघडं ठेवता न येणारं लहान मूल, क्लॅम्प धरायला दातच न उरलेला जबडा: अशा ठिकाणी कंपोझिट हे चुकीचं साहित्य आहे. ग्लास आयोनोमर दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतं आणि किंचित ओल सहन करतं. पण त्याला काहीही चालतं हा गैरसमज आहे. त्यालाही लाळेचा आणि रक्ताचा थर नकोच असतो. १० टक्के पॉलिॲक्रिलिक ॲसिड २० सेकंद लावून धुवा, डेंटिन ओलसर ठेवा, आणि मिश्रणाची चमक जाण्याआधी भरा. चमक गेली म्हणजे दाताशी जुळणारे आम्लाचे गट संपत आले. भरल्यावर लगेच संरक्षक कोट द्या. पहिल्या काही तासांत ते जादा पाण्याने विरघळतं आणि कोरडं पडल्यास तडकतं.

१२. पुढच्या भेटीत काय पाहायचं

पॉलिश करताना इनॅमलच्या कडेला बारीक पांढरी रेघ दिसली, तर तिथे बाँड सुटला असेल किंवा आकसण्याच्या ओढीने इनॅमलच चिरलं असेल. प्रोब आडवा फिरवा. टोक दोन्ही दिशांना अडकलं तर फट आहे, एकाच दिशेला अडकलं तर बहुधा कंपोझिट जास्तीचं बाहेर आलेलं आहे आणि ते नुसतं घासून जाईल. चावल्यावर दुखणं आणि गार लागणं वेगवेगळं विचारा. फक्त चावल्यावर दुखत असेल तर आधी फिलिंगची उंची तपासा. उंची बरोबर असूनही गाराची सणक दोन-तीन आठवड्यांत उतरत नसेल, तर डेंटिनवरचा बंद कुठेतरी उघडा आहे असं धरा आणि पल्पची तपासणी करून घ्या.

प्रत्येक फिलिंगच्या नोंदीत तीन गोष्टी लिहून ठेवा: डॅम होता की नव्हता, रक्त किंवा लाळ आली का आणि कोणत्या टप्प्यावर, आणि तेव्हा काय केलं. वर्षभराने तेच फिलिंग समोर आलं, की बाँडिंगच्या बाटलीवर संशय घेण्याआधी ही ओळ वाचा.